अतिसंवाहक जनित्राच्या उत्तेजनावर फझी नियंत्रक निष्प्रभ का ठरतो?

रोहित्रप्रेमी
एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी अतिसंवाहक जनित्राचे (ज्याच्या रोटरवरील वाइंडिंगला रोध जवळजवळ नसतो) संगणकीय प्रतिरूप तयार केले असून त्याच्या उत्तेजनावर, म्हणजे त्या वाइंडिंगला प्रवाह पुरवणाऱ्या यंत्रणेवर, 49 नियमांचा फझी नियंत्रक (‘थोडे’, ‘जास्त’ अशा ढोबळ नियमांनी निर्णय घेणारा) बसवला आहे. वेगातील विचलन आणि त्वरण ही त्याची दोन आदाने (इनपुट) आहेत. साध्या जनित्रावर हाच नियंत्रक उत्तम चालतो. येथे मात्र टर्मिनलजवळचा त्रिकला दोष (तिन्ही कलांचे शॉर्टसर्किट) दूर झाल्यावर रोटर कोनाची (वीजजाळ्याच्या तुलनेत रोटर किती पुढे-मागे आहे त्याची) आंदोलने जणू नियंत्रक बसवलेलाच नाही अशी चालू राहतात. माझे नियम चुकले असावेत का?

टर्बाइनवाला
नियमांना दोष देण्याआधी फील्ड वाइंडिंगचा (रोटरवरील चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्याचा) कालस्थिरांक, म्हणजे त्यातील प्रवाह बदलायला किती वेळ लागतो त्याचे माप, पाहावा. वाइंडिंगला रोध जवळजवळ नसल्यामुळे तो शेकडो सेकंदांचा असतो. समजा, आपल्या प्रतिरूपात तो 750 सेकंद आहे. मग नेहमीच्या वीसपट व्होल्टेज सलग एक सेकंद दिले, तरी फील्ड प्रवाह जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतो. साध्या जनित्रात, कालस्थिरांक 6 सेकंद धरला, तर नुसत्या दुप्पट व्होल्टेजने तेवढ्याच वेळात सुमारे पंधरा टक्के वाढ मिळते. आंदोलनाचे एक आवर्तन साधारण सेकंदभराचे असताना असा नियंत्रक काय करणार?

शून्यांश
त्यात रोटरवरील आवरणाची भर पडते. नायोबियम-टायटेनियमचे वाइंडिंग द्रव हेलियममध्ये सुमारे 4.2 केल्व्हिनला ठेवलेले असते आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापले तर अतिसंवाहकताच जाते, म्हणून स्टेटरकडून येणारे धक्के हे आवरण अडवते. पण ते दोन्ही बाजूंनी अडवते; आतला प्रवाह चपळाईने बदलला, तरी त्याचा परिणाम बाहेर उशिराच पोहोचतो. जपानच्या 70 मेगावॉट प्रकल्पात मंद प्रतिसादाच्या दोन रोटरांबरोबर शीघ्र प्रतिसादाचा एक रोटर मुद्दाम वेगळा बांधावा लागला होता, यावरून ही अडचण किती मूलभूत आहे ते कळते. माझ्या मते उत्तेजन व्होल्टेज सांभाळण्यापुरते ठेवावे आणि फझी नियंत्रक टर्बाइनच्या गव्हर्नरवर (वाफेचा व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या यंत्रणेवर) न्यावा.

रोहित्रप्रेमी
आभारी आहे. नियम तेच ठेवून, फक्त निर्गमाचे (आउटपुटचे) चिन्ह उलटे करून नियंत्रक गव्हर्नरवर नेला, आणि आंदोलने चार-पाच आवर्तनांत शमली. आलेख इतका देखणा आला आहे की त्याचाच संशय येतो.

टर्बाइनवाला
संशय योग्य आहे. व्हॉल्व्हच्या हालचालीच्या वेगावर आपण मर्यादा घातली आहे का? शिवाय पूर्ण भारावर व्हॉल्व्ह बहुतांशी उघडलेलाच असतो, त्यामुळे ‘आणखी उघडा’ म्हणणारे नियम कागदावरच राहतात आणि सममित नियमसंच प्रत्यक्षात एकाच बाजूने काम करतो. (ममदानी यांचा 1970च्या दशकातील फझी नियंत्रकही प्रयोगशाळेतल्या वाफेच्या इंजिनावरच चालला होता, म्हणजे आपण मूळ घरी परतला आहात.) वेगमर्यादा घालून, 60 आणि 100 टक्के भारांवर तोच दोष पुन्हा देऊन पाहावा आणि दोन्ही आलेख येथे टाकावेत.