मदत हवी आहे: तंबू सोडून छोटा कॅम्पर घ्यायचाय, ट्रेलर की व्हॅन? (नाशिक)

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय, इंदिरानगर. आम्ही दोघं, मुलं लहान होती तेव्हापासून, तंबू घेऊन फिरतोय, आता मुलं आपापल्या नोकरीच्या गावी आणि तंबूत परत आम्ही दोघंच. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, वैतरणेच्या बॅकवॉटरचा काठ, हतगडकडची बाजू, थंडीत नांदूरमध्यमेश्वरजवळ ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम टाकून सकाळी पक्षी बघायला, असं सगळं. लांब कुठे जायची हौस नाही, आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या अकोले तालुक्यात आयुष्य पुरणार नाही एवढं आहे.

आता अडचण सांगते. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीये. डॉक्टरांनी मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि जमिनीवरून उठणं तिन्ही बंद करायला सांगितलंय आणि तंबूत नेमकं हेच तिन्ही करावं लागतं. मागच्या थंडीत रतनवाडीला पहाटे ह्यांना बाहेर जायचं होतं, तर आधी पालथं होऊन कोपरावर यायचं, मग चेन उघडायची, मग रांगत बाहेर, मग गाडीच्या बंपरला धरून उभं राहायचं, गवत दवानं ओलं, मी बॅटरी धरून उभी. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर तंबू वाळवून माळ्यावर ठेवला तो अजून खाली काढलेला नाही, विषयही काढत नाहीत. मला हे बंद होऊ द्यायचं नाहीये. रिसॉर्टला राहा असं सांगणारे घरातच चार जण आहेत, ते कृपया इथे नको, पहाटे दार उघडलं की समोर पाणी आणि त्यावरचं धुकं दिसलं पाहिजे एवढ्यासाठीच आम्ही जातो.

म्हणून छोटा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर. फ्रिज, टीव्ही, एसी काही नको. स्वयंपाक मी बाहेरच करणार, तोच तर आनंद आहे. हवंय ते म्हणजे जमिनीपासून उंच आणि कोरडी झोपायची जागा, रात्री उठल्यावर सरळ पाय खाली टाकून उभं राहता येईल अशी, पावसात निभावेल अशी, आणि रात्रीपुरती टॉयलेटची सोय. घरात वेगवेगळ्या उंचीवर बसून बघितलं, तर हाताचा आधार न घेता ह्यांना २० इंचाच्या आसपास उंचीवरून उठता येतं, १६ इंचाच्या दिवाणावरून उठताना हात टेकावा लागतो. दुसरं म्हणजे पार्किंगमध्ये खडूनं ६ बाय ४ फुटांचा चौकोन आखला आणि त्यात सतरंजी टाकून दोघं आडवे झालो, रुंदीला कमी पडतं, कूस बदलली की धक्का लागतो, ५ फूट रुंदी मिळाली तर बरं.

बघितलेले पर्याय:

टिअरड्रॉप ट्रेलर. म्हणजे थेंबाच्या आकाराची छोटी दोन चाकी केबिन, आत फक्त गादी, मागचं झाकण उचललं की तिथे ओटा. मला मनापासून आवडलाय. आमच्याकडे जुनी बोलेरो आहे, अडीच लिटर डिझेलवाली, ओढेल असं वाटतं. पण घाट, रिव्हर्स, आणि सोसायटीत तो उभा कुठे करायचा हे तीन प्रश्न आहेत. रतनवाडीच्या आतल्या रस्त्यावर समोरून एसटी आली की आत्ताच बोलेरो अर्धी खाली उतरवावी लागते.

सेकंड हॅण्ड ईको, म्हणजे मारुतीची छोटी व्हॅन, घेऊन आत पलंग. एकच गाडी, ओढायचं काही नाही, एरवी बाजारहाटालाही वापरता येईल. मोठी ट्रॅव्हलर गाडी बजेटच्या बाहेर आणि आम्ही जातो तिथे वळणारही नाही.

गाडीच्या टपावरचा तंबू मुलानं सुचवला होता, पण शिडी चढायची म्हणजे गुडघ्याला परत तेच, तो बाद. कापडाचा घडीचा ट्रेलरही बाद, इगतपुरीच्या पट्ट्यातल्या पावसात भिजलेलं कापड घडी करून आणलं आणि दोन दिवस उघडायला जमलं नाही की बुरशी धरतेच, तंबूनं ते शिकवलंय.

तर ज्यांनी ट्रेलर ओढलाय किंवा ईकोत झोपलेत त्यांनी सांगा. आरटीओची भानगड काय असते, विजेचं किती लागतं, आणि आमच्यासारख्यांना काय सोयीचं. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ ला आलं त्यात कॅरॅव्हॅन पार्कचा, म्हणजे अशा गाड्या लावून राहायच्या जागांचा, विषय होता, तर गंगापूर धरण किंवा भंडारदऱ्याला एमटीडीसीच्या आवारात कोणी स्वतःची गाडी लावून राहिलंय का तेही सांगा.

सिन्नरकर:
ताई, मी ट्रेलरवाला माणूस, पण आमचा मालाचा. वजनाचं आधी बघा. कंपनी सांगते ते रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं, त्यात गादी, बॅटरी, भांडी, शेगडी आणि पाणी धरा, पाणी एक लिटरला एक किलो, ४० लिटरचा कॅन म्हणजे ४० किलो, आणि तो कुठे ठेवला यावर ट्रेलर सरळ चालतो की शेपूट हलवतो ते ठरतं. पुढच्या हुकवर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग दाबला गेला पाहिजे. सगळं जड सामान मागच्या ओट्यात भरलं तर पुढचा दाब जातो आणि वेग घेतला की ट्रेलर डावीउजवी झुलायला लागतो. तसं झालं तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, पण कसारा उतरताना मागून ढकलणारं ५०० किलो काय असतं ते मला माहितीये, तुम्ही ब्रेकवालाच घ्या. हुक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला बसवा, बंपरला नाही. बोलेरोला खाली वेगळी चॅसिस आहे हे तुमच्या फायद्याचं. रिव्हर्सला स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, मोकळ्या मैदानावर दोन रविवार घालवलेत की हात बसतो. आणि वाटेत थांबाल तेव्हा चाकाचे बेअरिंग दरवेळी हात लावून बघायचे, जास्त गरम लागले तर पुढे जायचं नाही.

कागदपत्रांचं:
ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, इन्शुरन्स वेगळा. वर्कशॉपवाला "नंबर लागत नाही" म्हणाला तर तिथून उठा. मान्यताप्राप्त मॉडेलचाच घ्या, कागद आधी बघा, पैसे नंतर. ईकोचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सीट कायमच्या काढणं, छत कापून उंच करणं हे बदल झाले. त्यामुळे बरेच लोक सुटी पेटी करतात, सीट दुमडून वर बसणारी, बोल्ट सोडले की बाहेर येणारी, म्हणजे ते सामान झालं. तरीही आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी विचारा, क्लेमच्या वेळी हेच काढतात. लायसन्सची काळजी नको, ७५०० किलोपर्यंतची गाडी एलएमव्हीत, म्हणजे हलक्या वाहनांत येते.

पाऊलवाट:
काकू, मी आणि माझी बायको ईकोतच झोपतो म्हणून स्पष्ट सांगतो. पलंग वर घेतला की खाली सामानाला जागा होते पण डोकं छताला लागतं, पलंग खाली घेतला की बसता येतं पण सामान पायाशी. आम्हाला चालतं, आम्ही आत फक्त झोपतो. काकांना रात्री उठून आधी कडेला बसायचंय, मग उभं राहायचंय, म्हणजे त्यांना डोक्यावर जागा पाहिजे. काकांना खुर्चीवर ताठ बसवा आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत टेप लावा. गादीवर बसल्यावर तेवढी उंची मिळाली नाही तर दरवेळी मान वाकवून कुशीवरून सरकत बाहेर यायचं, म्हणजे तंबूचंच दुखणं मानेत आलं. आणि सीएनजीची ईको बघू नका, मागची जागा टाकी खाते.

विजेचं सोपं आहे. लाईट, मोबाईल आणि १२ व्होल्टचा पंखा. पंखा ३० वॅट धरला तरी १० तासांचे ३०० युनिट नव्हेत हो, ३०० वॉट-तास. १२.८ व्होल्टची १०० एएचची (अँपिअर-तासाची) लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास, दोन-तीन रात्री आरामात. साधी लेड-ॲसिड घेतली तर निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. फ्रिज नको म्हणालात तिथेच तुमचे खूप पैसे वाचले.

टॉयलेटचं: दोन भागांचं सुटं केमिकल टॉयलेट मिळतं, वर पाणी, खाली बंद टाकी. पण त्यातली बरीचशी एक-सव्वा फूटच उंच असतात, घरच्या कमोडपेक्षा बुटकी. खाली चार-पाच इंचाचा लाकडी पाट पक्का बसवून घ्या आणि बाजूला धरायला दांडा. टाकी घरी आणूनच रिकामी करायची, धरणाच्या काठाला अजिबात नाही.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पाऊलवाट, तुम्ही सांगितल्यावर लगेच टेप लावला, ह्यांची बैठकीपासून डोक्यापर्यंत उंची ३५ इंच. म्हणजे गादी जमिनीपासून २० इंच आणि गादीच्या वर निदान ३६ इंच, हे दोन आकडे जुळले पाहिजेत, बाकी सगळं नंतर. आता मी सगळे पर्याय ह्या दोनच आकड्यांवर घासून बघतेय. टिअरड्रॉप साधारण ४ फूट उंच केबिनचा असतो त्यामुळे त्यात गादीवरचे ३६ इंच बसतात, दार बाजूला असल्यामुळे पाय सरळ जमिनीवर येतात. ईकोत सरकत्या दाराशी कडेला बसलं तर पाय खाली टेकतात का हेच मुख्य.

सिन्नरकर दादा, ब्रेकवालाच घेणार, ह्यांनाही वाचून दाखवलं. ह्यांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं की हुक कुठल्या वर्कशॉपला बसवून मिळेल, मला त्यातच अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. अंबड किंवा सातपूरला चॅसिसचं काम नीट करणारे कोणी माहीत असतील तर मेसेज करा, इथे नंबर टाकू नका. ट्रेलर ठेवायला ओढा गावात दिरांच्या मळ्यात शेड आहे, शनिवारी तिथून जोडायचा आणि रविवारी संध्याकाळी सोडून यायचं असं त्यांच्याशी बोललेय, ते हो म्हणालेत. रतनवाडीच्या आत ट्रेलर न्यायचा नाही, शेंडीला ओळखीच्यांच्या अंगणात लावायचा आणि पुढे नुसती बोलेरो, असंही आता डोक्यात येतंय.

स्वयंपाकाबद्दल कोणीतरी खासगी मेसेजमध्ये विचारलं, पाऊस असला तरी शेगडी केबिनच्या आत पेटवणार नाही, मागच्या झाकणाखालीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी गादीपाशीच साचणार, त्यामुळे ५ किलोची टाकीसुद्धा बाहेरच्या कप्प्यात आणि त्या कप्प्याला तळाला जाळी. आणि झोपताना दोन बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या.

एक विनंती उरली. ज्यांच्याकडे ईको आहे त्यांनी गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूचं दार उघडून तीन मापं टाका: जमिनीपासून गाडीच्या फरशीपर्यंत, फरशीपासून छतापर्यंत, आणि आतली रुंदी खांद्याच्या उंचीला. आणि ज्यांच्याकडे टिअरड्रॉप आहे त्यांनी जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत, माणूस बसल्यावर गादी दबते तेव्हाचं माप. जिल्ह्यात कुठेही असेल तर आम्ही स्वतः येऊन ह्यांना बसवून बघायला तयार आहोत, दिवाळीच्या आधी ठरवायचंय.