प्रति: ग्रबचा मेनू न बघताही निवडता येतो

ताई, विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकला तर दिसत नसताना सुरुवातीचा ग्रबचा मेनू (संगणक चालू होताना विंडोज की लिनक्स, हे विचारणारा) कसा कळणार, असं तुम्ही विचारलंत. वर एका दादांनी 'दर वेळी डोळस माणूस शेजारी लागणारच' असं लिहिलंय, ते मला मुळीच पटत नाही.

इन्स्टॉल करणं आता सोपं आहे. उबंटू हा लिनक्सचा प्रकार पेनड्राइव्हवरून सुरू झाला की ऑल्ट, विंडोज आणि एस एकदम दाबा, ओर्का हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम बोलायला लागतो. डेबियन हा दुसरा प्रकार घेतलात तर बीपनंतर एस दाबून एंटर.

खरी अडचण ग्रबची. तो बोलतच नाही. पण त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ग्रब इनिट ट्यून' अशी ओळ असते. तिच्या सुरुवातीचं हॅश (#) काढून 'अपडेट-ग्रब' ही कमांड चालवली की मेनू येताना सूर वाजतो. नोंदींचा क्रम ग्रबच्या कॉन्फिग फाइलमध्ये ओर्कानं आधी स्वतः ऐकून ठेवा, मग खालचा बाण किती वेळा दाबायचा ते ठरतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये सूर वाजतच नाही. तिथे लिनक्समधूनच 'ग्रब-रीबूट' कमांड देऊन पुढच्या वेळी विंडोज उघडायला सांगता येतं. त्यासाठी ग्रबच्या त्याच सेटिंगच्या फाइलमध्ये डिफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवावं लागतं.

बायोसचा, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगचा स्क्रीन मात्र मुकाच, तिथे 'बी माय आईज' या डोळस स्वयंसेवकांशी व्हिडिओ कॉल जोडून देणाऱ्या अ‍ॅपवर कुणाला तरी दाखवा.

इकडे इंदूरला रामबागेत कुणी भाऊ येऊन लिनक्स बसवून देईल म्हणून थांबलेली हुशार मुलं बघतो, फार वाईट वाटतं. नुसतं शिकायचं असेल तर आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात) टाका, विंडोजला धक्का लागत नाही.