पोकेमॉन गो : रेडसाठी सगळ्यात आधी कोणाला वाढवायचं? तुमची रँकिंग टाका

अर्धवट_ट्रेनर

मंडळी, मधे गेम सोडला होता, आता परत सुरू केलाय. साधारण तीन लाख डस्ट (पोकेमॉनची लेव्हल वाढवायला लागते ती) शिल्लक आहे आणि कोणावर उडवू तेच कळत नाहीये. नेटवर याद्या ढिगाने आहेत पण सगळ्यांच्या डोक्यावर शॅडो (टीम रॉकेटकडून सोडवलेला) अमुक नाहीतर मेगा (तात्पुरतं जास्त ताकदीचं रूप) तमुक, आणि त्यातले निम्मे माझ्याकडे नाहीत आणि मिळायची शक्यता पण नाही.

माझ्याकडे आहे ते असं: म्यूटू एक चांगल्या आयव्हीचा (आयव्ही म्हणजे अटॅक, डिफेन्स, एचपीचे जन्मजात गुण, प्रत्येकी ० ते १५; लेव्हल २०), ड्रॅगनाइट हंड्रेड पर्सेंट (तिन्ही आयव्ही १५), मेटाग्रॉस पण मिटिऑर मॅश हा खास मूव्ह (हल्ला) नसलेला, शॅडो मचॅम्प दोन (आयव्ही भिकार, एकाचा अटॅक तर शून्य), स्विनबची (ज्याचा शेवटी मॅमोस्वाइन होतो) कँडी भरपूर, राम्पार्डोस एक, आणि बाकी किरकोळ गर्दी. मला वाटतंय सगळी डस्ट म्यूटूवर लावावी कारण शेवटी म्यूटू तो म्यूटूच. पण एकदा विचारून घेतो. फक्त रेडसाठी (बॉस पोकेमॉनशी लढाई) हवंय, पीव्हीपी (ट्रेनर विरुद्ध ट्रेनर) फारसं खेळत नाही.

सहा_मॅमोस्वाइन

थांब थांब, म्यूटूवर आत्ता काही लावू नको.

रँकिंग करताना लोक काय करतात, कोणाचा अटॅक किती ते बघतात आणि उतरत्या क्रमाने लावून मोकळे होतात. म्यूटूचा बेस अटॅक ३०० आहे, मॅमोस्वाइनचा २४७, मग म्यूटू वर. पण रेडमध्ये तू कोणासमोर उभा आहेस त्यावर सगळं ठरतं. म्यूटूचा सायकिक मूव्ह जोरात लागतो फक्त दोन टाइपला, फायटिंग आणि पॉयझन. आता आठव, पाच स्टार रेडला या दोन टाइपचे बॉस किती वेळा येतात? मॅमोस्वाइनचा आईस मात्र ड्रॅगन, फ्लाइंग, ग्राउंड, ग्रास अशा चौघांना लागतो, आणि खरी गंमत अशी की ड्रॅगन-फ्लाइंग किंवा ग्राउंड-फ्लाइंग असं जोड टाइपचं प्रकरण असलं की डबल वीकनेस, म्हणजे १.६ च्या जागी थेट २.५६ पट. रेक्वाझा, लँडोरस, सॅलमेन्स, गारचॉम्प आणि तुझा तो लाडका ड्रॅगनाइट, सगळे आईसपुढे लोण्यासारखे वितळतात.

म्हणून माझ्या यादीत मॅमोस्वाइन पहिला, डोळे झाकून. पावडर स्नो आणि अ‍ॅव्हलांच, दोन्ही मूव्ह साध्या टीएमने (मूव्ह बदलायची वस्तू) मिळतात, कसल्या इव्हेंटची वाट बघायची नाही. कँडी तुझ्याकडे आहेच, फक्त शेवटच्या इव्होल्यूशनला १०० कँडीसोबत सिनो स्टोन लागतो तेवढे जमव.

त्याच्या खाली मी ग्राउंड ठेवेन. ग्राउडन असेल तर उत्तम, नसेल तर एक्सकॅड्रिल, ड्रिलबरचा तो ५० कँडीत होतो. हीट्रानला ग्राउंड डबल लागतो, डायल्गाला पण चांगला लागतो. मग रॉक, तुझा राम्पार्डोस. तो काचेचा आहे, एक फटका बसला की गेला, पण जाईपर्यंत जे काही मारतो ते बघण्यासारखं असतं (बेस अटॅक २९५!), हो-ओ आणि मोल्ट्रेसला तर रॉक डबल लागतो. रिव्हाइव्हचा (पडलेल्याला परत उभं करायची वस्तू) साठा मात्र ठेव.

आता डस्टचा हिशोब, कारण खरं भांडण तिथे आहे. लेव्हल २० ते ३० ला ७५,००० डस्ट लागते. ३० ते ४० ला १,५०,०००. पहिल्या टप्प्यात अटॅक साधारण २२ टक्के वाढतो, दुसऱ्यात ८. आणि ४० ते ५० साठी अजून अडीच लाख डस्ट वर २९६ एक्सएल कँडी (४० च्या पुढे लागते ती वेगळी कँडी), कशासाठी तर ६ टक्क्यांसाठी! म्हणजे एका म्यूटूला ४० ला न्यायचं तर २,२५,००० गेले, तेवढ्यातच तीन मॅमोस्वाइन ३० ला जातात. टीम सहा जणांची असते भावा, एकटा हिरो काय करणार.

जांभळा_धूर

वरच्यांचं बरचसं पटतं पण शॅडो मचॅम्प घरात असताना पहिला नंबर मॅमोस्वाइनला? मला नाही पटत. फायटिंग पाच टाइपला लागतो, नॉर्मल, रॉक, स्टील, आईस, डार्क, आणि स्टील किंवा डार्कचा बॉस कायम कुठे ना कुठे चालू असतोच. टायरॅनिटारला डबल. माझ्याकडे मचॅम्प पहिला, मॅमोस्वाइन दुसरा, राम्पार्डोस तिसरा आणि त्याखाली काय असेल ते असो.

आणि प्रश्नकर्त्याला एक विनंती, आयव्ही भिकार म्हणून शॅडो प्युरिफाय (शॅडोचा साधा) करू नका प्लीज!! शॅडोला अटॅक २० टक्के जास्त मिळतो (मारही जास्त खातो, ते खरंय). आयव्हीचा फरक त्याच्यापुढे काहीच नाही. तुमचा शून्य अटॅकवाला शॅडो मचॅम्प ३० लेव्हलला नेला तरी अटॅकमध्ये तो ४० लेव्हलच्या हंड्रेड पर्सेंट साध्या मचॅम्पच्या पुढे असतो, पटत नसेल तर गणित करून बघा. प्युरिफाय केलं की तिन्ही आयव्ही दोन-दोनने वाढतात आणि तो २० टक्क्यांचा बोनस कायमचा गेला, घाट्याचा सौदा. पॉवर अपला शॅडोला २० टक्के खर्च जास्त येतो तेवढं सोसायचं.

सहा_मॅमोस्वाइन

@जांभळा_धूर शॅडोचं मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्याच्याकडे मचॅम्प दोनच आहेत आणि नवे शॅडो रॉकेटवाल्यांच्या मर्जीवर. स्विनब काय, दिसला की पकडला. मी रँकिंग "उद्या सहा जणांची टीम उभी करता येईल का" यावर लावतोय.

शिवाय स्विनब जंगलातच ३० लेव्हलचा सापडू शकतो, वेदर बूस्ट (त्याच्या टाइपला जुळणारं हवामान) असेल तर ३५ पर्यंत. तसला मिळाला तर पॉवर अपचा खर्चच नाही. पकडताना सीपीकडे (एकूण ताकदीचा आकडा) लक्ष ठेव, आयव्ही नंतर बघ. अटॅक आयव्ही १० असो की १५, फरक दोन टक्क्यांचा, आणि लोक त्यासाठी ३५ लेव्हलचा चांगला स्विनब ट्रान्सफर करून टाकतात, अरे काय करताय.

मेगावाली_मावशी

दोघांचं चालू दे, मी मधे एक टाकते. ग्रुपमध्ये रेड मारत असाल तर एक मेगा तयार ठेवा. मेगा मैदानात असेपर्यंत बाकीच्यांचा अटॅक १० टक्के वाढतो आणि त्याच्याच टाइपचा मूव्ह असेल तर ३० टक्के. एकट्याने खेळत असाल तर हा बोनस कोणाला द्यायचा, म्हणून मग तितकी घाई नाही. पण मेगा चालू असताना त्याच टाइपचे पोकेमॉन पकडले की कँडी जास्त मिळते, त्यामुळे मी तर रेड नसला तरी चालू ठेवते. पहिल्या वेळी एनर्जी लागते, नंतर थोडे दिवस थांबलं की फुकटात होतो.

बेस्ट फ्रेंडसोबत मारलं तर वेगळे १० टक्के. त्याला ना डस्ट ना कँडी, रोज गिफ्ट उघडा फक्त.

अर्धवट_ट्रेनर

बापरे, धन्यवाद सगळ्यांना! म्यूटू तूर्तास बाजूला. अजून शंका आहेत:

१) शॅडो मचॅम्पच्या मूव्हमध्ये फ्रस्ट्रेशन (शॅडोसोबत येणारा फालतू चार्ज मूव्ह) आहे, चार्ज्ड टीएम लावला तर जातच नाही, काय करू?
२) मेटाग्रॉसला मिटिऑर मॅश नाही, तरी वाढवू का?
३) हंड्रेड पर्सेंट ड्रॅगनाइटचं काय? मन होत नाही हो असाच पडू द्यायला.

जांभळा_धूर

१) फ्रस्ट्रेशन एरवी जात नाही, टीम रॉकेटचा इव्हेंट लागतो तेव्हाच चार्ज्ड टीएमने काढता येतं. तेव्हा काढून डायनॅमिक पंच येईपर्यंत टीएम लावत बसा. तोवर नुसत्या काउंटरवर (त्याचा फास्ट मूव्ह) पण ठीक चालतो, किंवा डस्ट देऊन दुसरा चार्ज मूव्ह उघडा. मचॅम्पचं ठीक आहे, पण लेजेंडरीला दुसरा मूव्ह उघडायच्या फंदात पडू नका, १ लाख डस्ट आणि १०० कँडी जातात.

२) मिटिऑर मॅशशिवाय मेटाग्रॉस म्हणजे नुसतं लोखंड. एक रुपयाची डस्ट लावू नका. एलिट टीएम (हवा तो मूव्ह निवडून देणारा) असेल तर लावा, नाहीतर तो मूव्ह परत येतो अशा इव्हेंटची वाट बघा आणि तेव्हा नवीन बेल्डम इव्हॉल्व्ह करा.

सहा_मॅमोस्वाइन

३) ड्रॅगन फक्त ड्रॅगनलाच जोरात लागतो, आणि समोरचा ड्रॅगन तुझ्या ड्रॅगनाइटलाही तेवढाच लागतो. म्हणून माझ्या यादीत तो बराच खाली. हंड्रेड आहे म्हणून पळून जात नाही, राहू दे तसाच.

आणि साधा मचॅम्प हवा असेल तर एक जुगाड, मचोक कोणाशी तरी ट्रेड कर, ट्रेड केलेला मचोक शून्य कँडीत मचॅम्प होतो. गेंगार, कॉन्केल्डर यांचं पण तसंच. नशिबाने ट्रेड लकी निघाला तर पॉवर अपची डस्ट निम्मी आणि तिन्ही आयव्ही कमीत कमी १२. मग मात्र तो यादीत कुठे आहे ते न बघता वाढव.

छोटी_लीग

पीव्हीपीवाला म्हणून एकच सांगतो, फारसं खेळत नाही म्हणालात तरी. ग्रेट लीगला १५०० सीपीची मर्यादा असते, तिथे बहुतेकांचा अटॅक आयव्ही कमी आणि डिफेन्स, एचपी जास्त असलेला चांगला. तेव्हा आयव्ही भिकार वाटले म्हणून सगळं ट्रान्सफर करण्याआधी एकदा चेक करत जा, रेडवाल्यांचा कचरा आमच्याकडे सोनं असतो.

अर्धवट_ट्रेनर

ओके, मग ठरलं. दोन मॅमोस्वाइन ३० ला, एक शॅडो मचॅम्प ३० ला, आणि उरलेल्यात राम्पार्डोस जाईल तिथपर्यंत. सिनो स्टोन एकच निघालाय बॅगेत, दुसरा आधी शोधतो.

जांभळा_धूर

शॅडोला त्या ७५ च्या जागी ९० हजार धरा, नाहीतर राम्पार्डोसच्या वेळेला डस्ट कमी पडेल.