तापात पडून सायकॉलॉजिकल थ्रिलर वाचायचं तर कसं?

राजारामपुरीकर:
वडिलांना ताप आहे, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलीय. टीव्हीचा आवाज सहन होत नाही. पण खून, संशय, डोक्याशी खेळणारी कादंबरी म्हटलं की कळी खुलते. अडचण अशी की थोडं वाचून झालं की पात्रांची नावं विसरतात आणि पुस्तक छातीवर आपटतं. करवीर नगर वाचन मंदिरातून आणून देईन. कसलं आणू? मराठी किंवा सोपं इंग्रजी, दोन्ही चालेल.

पंचगंगाघाट:
गाजलेलं काय ते बघू नका, बांधणी बघा. तापात आधी हातची जाते ती लगेचची आठवण, आणि या प्रकारच्या कादंबऱ्या नेमक्या त्याच आठवणीवर उभ्या असतात. पहिल्या चाळीस पानांत सहज टाकलेलं एखादं वाक्य शेवटी उलटतं. ते निसटलं की शेवट लेखकानं फसवल्यासारखा वाटतो.

म्हणून एकच माणूस, सरळ काळ. पॅट्रिशिया हायस्मिथचं 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९५५) घ्या. गोष्ट टॉम रिप्लीला सोडत नाही. गुन्हेगार कोण हे शोधायचं नसून तो सुटतो कसा हे बघायचंय, त्यामुळं मधे डुलकी लागली तरी धागा सापडतो. उलट 'गॉन गर्ल' (२०१२) बरं झाल्यावर. त्यात नवरा-बायको आलटून पालटून सांगतात. त्याच्या प्रकरणांवर ती बेपत्ता होऊन किती दिवस झाले ते, तिच्या डायरीवर तारीख. ती ओळ वाचायची राहिली की सगळा घोळ.

आणि पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा खुणेला ठेवा. त्यावर नाव, नातं, शेवटचं कुठं दिसला, एवढंच. तर्क लिहायचे नाहीत, नाहीतर पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचलं जातं.

शाहूपुरी_वाचनवेडी:
राजारामपुरीकर, पुस्तकाचं वजनही बघा. साडेतीनशे पानांची साधी बांधणी ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. पुठ्ठा बांधणीची जाडजूड प्रत उताणं झोपून धरवतच नाही. पाठीला दोन उशा, गुडघ्यांखाली एक, मांडीवर आणखी एक आणि तिच्यावर पुस्तक. डोळ्यांपासून ३५-४० सेंमी. दिवा खांद्याच्या मागून. डोक्यावरची ट्यूब गुळगुळीत कागदावर चमकते आणि डोकं जास्त चढतं.

वेळ गोळीवरून ठरवा. पॅरासिटामॉल घेतल्यावर तासाभरात ताप उतरायला लागतो, पुढचे दोनेक तास डोकं बऱ्यापैकी चालतं. वाचायचं ते तेव्हा. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येणारच. त्या गोळीनंतर वाचलेली पानं दुसऱ्या दिवशी कोरी.

थांबायचं ते प्रकरणाच्या शेवटी नको. तिथं लेखकानं मुद्दाम गळ टाकलेला असतो, मग झोपेचं खोबरं. पुढच्या प्रकरणात दोन पानं जाऊन थांबा, तिथं जरा उसंत असते.

बाम लावलेल्या बोटांनी पान उलटू देऊ नका, तेलकट डाग जात नाही. पांढऱ्या रश्श्याची वाटीही लांब. प्रत वाचनालयाची आहे, भरपाई तुमच्या खिशातून.

रंकाळा_चौपाटी:
एवढा खटाटोप कशाला भावा? ऑडिओबुक लावा. वेग ०.८, स्लीप टायमर १५ मिनिटांचा. झोप लागलीच तर तेवढंच मागं घ्यायचं.

पंचगंगाघाट:
ऑडिओ सरळ गोष्टीला ठीक. निवेदकच खोटं बोलतोय अशी शंका आली की वाचणारा बोट घालून ठेवतो आणि तीस पानं मागं जातो. ऐकताना ते वाक्य कुठल्या मिनिटाला होतं, सापडवा बघू. शिवाय चांगला वाचक-कलाकार आवाजातनंच संशय दाखवतो, अर्धी मजा तिथंच गेली.

राजारामपुरीकर:
रिप्ली आणतो. एक विचारायचं राहिलं. पान बघताना डोळ्यांच्या मागं दुखतं म्हणतात. चष्म्याचा नंबर असेल का?

शाहूपुरी_वाचनवेडी:
चष्म्याचं नंतर बघा. पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांमागं दुखणं म्हटलं की डेंग्यूची शंका घ्यायची. आजच डॉक्टरांना हे सांगा आणि रक्ततपासणीचं विचारा. तोवर अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून गाफील राहू नका. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

पुस्तक आणून ठेवा, पण हातात देऊ नका. फारच हट्ट केला तर शेजारी बसून तुम्हीच मोठ्यानं वाचा, डोळे मिटून ऐकू देत.