शब्दचर्चा: खाली गेलं की आपोआप पुढचं येतं, त्याला काय म्हणायचं?

शाईदौत:
आमच्या गावच्या वाचनालयाच्या साइटचं मराठीकरण सध्या माझ्याकडे आहे. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि अनुक्रमणिका तिथे बघता येतात. आतापर्यंत खाली १, २, ३ असे पानांचे आकडे होते. साइट करणाऱ्या मुलानं ते काढले. आता वाचणारा तळाशी पोचत आला की पुढचे २० अंक आपोआप येतात. सेटिंगमध्ये या सोयीचं नाव लिहायचंय. मी 'सरकवताच आपोआप आणा' लिहिलं. समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते खोडून 'स्वयंचलित आशयभारण' केलं, भारण म्हणजे लोड होणं. ते वाचून आईनं विचारलं, "हे विजेचं आहे का?" भारनियमन डोक्यात असणार. ती स्वतः म्हणते, "ते खाली खाली येतच राहतं ना, ते." एकदोन शब्दांत बसेल असं काही सुचवा.

निरुक्तप्रेमी:
शिक्षकांचं काही चुकलं नाही. सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' पुढे केले तेव्हा तेही लोकांना जड वाटलेच. आज कुणी अडखळतं का? 'भारनियमन' तर शिवारात रुजलंय. 'भारणा'लाही दहा वर्षं द्या. आणि सरकवणंच हवं असेल तर माझं फार दिवसांचं मत आहे की 'स्क्रोल' हा आपल्या 'सरक'चाच भाऊबंद आहे.

जुनीपोथी:
नाही हो. 'स्क्रोल' जुन्या फ्रेंचमधल्या चर्मपत्राच्या पट्टीच्या शब्दावरून आला आणि 'रोल'च्या शेजारानं त्याला आजचं रूप मिळालं. 'सरकणं' संस्कृत 'सृ'कडे जातं. दोघांची सोयरीक नाही.
त्या वस्तूला आपल्याकडे स्वतःचा शब्द आहे, भेंडोळं. आजोबांच्या ट्रंकेत माझ्या आत्याची जन्मपत्रिका होती, हातभर रुंद आणि सोडली की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एका हातानं सोडायचं, दुसऱ्यानं गुंडाळायचं. याउलट पिंगुळीच्या चित्रकथीची पानं सुटी असतात, एक दाखवून झालं की दुसरं उचलायचं. बंगालातले पटुए मात्र पट, म्हणजे चित्रांचं भेंडोळं, उलगडत गातात. तुमची साइट आधी पोथी होती, आता पट झालीय. 'उलगडतं पान' म्हणा.

पांढराकांदा:
पण भेंडोळ्याला शेवट असतो. इथे तोच नाही.
आणि 'सरकवा' म्हटलं की आधी ठरवा, सरकतंय कोण? बोट वर जातं, मजकूरही वर जातो आणि आपण म्हणतो 'खाली जा'. मी वडिलांना फोनवरून दहा मिनिटं सांगत होतो, "खाली सरकवा, खाली." ते बिचारे बोट खाली ओढत होते. पान दरवेळी ताजं होऊन पुन्हा पहिल्या ओळीवर. शेवटी आई पलीकडून म्हणाली, "अहो, वर ढकला." तेव्हा गाडी पुढे गेली. चूक त्यांची नव्हती, शब्दाची होती.
माझं मत 'न सरतं पान'. सरणं म्हणजे पुढे जाणं आणि सरणं म्हणजे संपणंही. कणगीतलं धान्य सरतं, रात्र सरते. एका धातूत दोन्ही अर्थ आयते मिळतायत.

निरुक्तप्रेमी:
न सरतं म्हणजे कधीच न संपणारं. वाचनालयाकडे अंक मोजकेच असणार. आश्वासन खोटं ठरेल.

कोडकरी:
मी हेच काम पोटापाण्यासाठी करतो. आम्ही आपसात 'इन्फिनाइट स्क्रोल'च म्हणतो. तरी ते चालतं कसं हे कळल्याशिवाय नाव ठरवू नये.
पूर्वी प्रत्येक स्क्रोल इव्हेंटला, म्हणजे पान जरा सरकलं की ब्राउझर देतो त्या सूचनेला, तळ किती लांब आहे याचं गणित करायचो. एका झटक्यात असे कितीतरी इव्हेंट यायचे, साधा फोन अडखळायचा. आता ब्राउझरमध्येच 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' नावाचा पहारेकरी असतो. यादीच्या शेवटी एक रिकामा डबा ठेवायचा. तो नजरेच्या टप्प्यात आला की ब्राउझर स्वतःच कळवतो. 'रूट मार्जिन' म्हणजे त्या टप्प्याची वाढीव हद्द ३०० पिक्सेल दिली तर डबा दिसायच्या आधीच निरोप येतो आणि पुढचे अंक मागवता येतात. पंगतीतला चांगला वाढपी असाच असतो. पानावरचा भात संपायच्या आत लांबूनच त्याच्या लक्षात येतं.
पण शाईदौत, त्या मुलाला एक सांगा. वाचनालयाची वेळ आणि पत्ता फुटरमध्ये, म्हणजे साइटच्या अगदी तळच्या पट्टीत, असेल तर वाचक तिथे पोचणारच नाही. मी एका दुकानाच्या साइटवर ही चूक केली होती. फोन नंबर दिसायचा आणि नवा माल त्याला खाली ढकलायचा. लोक नंबर टिपेपर्यंत तो गायब. शिवाय एखादा अंक उघडून मागे आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होता कामा नये, जागा लक्षात ठेवायला लागते. ज्यानं २००६ मध्ये ही युक्ती काढली त्या अझा रास्किननंच पुढे जाहीरपणे पस्तावा व्यक्त केला, कारण थांबायची जागाच उरत नाही. गूगलनंही शोधाच्या निकालांना २०२१ मध्ये मोबाइलवर ही सोय दिली, पुढच्या वर्षी संगणकावर, आणि २०२४ मध्ये काढायला घेतली. संग्रहाला आकडेच बरे. "पान ७ वर बघ" असं दुसऱ्याला सांगता तरी येतं.

शाईदौत:
फुटरचं आजच कळवते. पण तुमच्या वाढप्यानं माझं काम केलं! 'वाढतं पान'. पान म्हणजे झाडाचं, पोथीचं आणि जेवणाचंही. वाढणं म्हणजे मोठं होणं आणि ताटात घालणं. आईला वाचून दाखवलं, तिनं काहीच विचारलं नाही.

जुनीपोथी:
सुरेख. माझं उलगडतं पान मागे घेते.

निरुक्तप्रेमी:
थांबा. वाढणं म्हणजे फुटणंही. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढे नारळ वाढवतात. पान वाढलं म्हणजे पान मोडलं असा अर्थ कुणी घेतला तर? साइट बंद पडल्याची सूचना वाटेल.

पांढराकांदा:
सेटिंगमध्ये कुणी बांगड्या भरायला येत नाही. संदर्भ नावाची काही गोष्ट असते की नाही? आणि आमच्या अलिबागेकडे नारळ सरळ फोडतात.

निरुक्तप्रेमी:
घरात फोडत असाल, देवळात नाही. शुभकार्यात 'फोडा' म्हटलेलं माझ्या आजीला अजिबात खपायचं नाही.

पांढराकांदा:
माझी आजी गुरवाच्या घरातली होती. ती 'फोड रे नारळ' असंच म्हणायची, तेही गाभाऱ्याच्या दारात उभी राहून.

कोडकरी:
मंडळी, 'आणखी दाखवा' असं साधं बटण ठेवलं तर नावाचा प्रश्नच मिटतो. वाचक मागेल तेव्हाच वाढायचं.

शाईदौत:
त्या मुलालाही तेच म्हटलं. तो म्हणतो, बटण जुनाट दिसतं. समितीची बैठक रविवारी आहे.

जुनीपोथी:
या 'वाढवण्या'वरून आठवलं. आमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. रात्री फळ्या लावताना 'दुकान बंद कर' असं त्यांनी आम्हाला कधी म्हणू दिलं नाही, 'दुकान वाढव' म्हणायचं. दिव्यालाही तसंच, फुंकरीनं विझवायचा नाही आणि 'विझव' म्हणायचंही नाही. दिव्याला आमच्याकडे 'मालव' म्हणायचे, पण शेजारच्या काकू 'दिवा वाढव' म्हणायच्या असं पक्कं आठवतंय. त्या मूळच्या सोलापूरकडच्या. तिकडच्या कुणी हे ऐकलंय का?