मदत हवी आहे: पाळी जायच्या वयातल्या शिलाई कामगार बायकांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवणीच्या छोट्या युनिटवर मी सुपरवायझर आहे. मशिनवरच्या बऱ्याच जणी ४५ ते ५५ मधल्या. अचानक अंगातून वाफा निघतात, मानेवरून घाम ओघळतो, रात्री झोप नाही. त्यात सोलापूरचा उन्हाळा! खिडकीजवळच्या जागा त्यांना दिल्या. पंखा वाढवला की रुई उडते आणि बाकीच्या खोकतात. मधे दहा मिनिटं बसा म्हटलं तर कुणी उठत नाही, मजुरी नगावर आहे ना. डॉक्टरी सल्ला सुरू आहे, तो विषय नको. एसी परवडणार नाही. मालक ऐकून घेतात, पण हिशेब मागतात. नगावरच्या मजुरीत अशा विश्रांतीचे पैसे कुणी कसे बसवलेत, तेही कुणाला काय त्रास आहे हे मालकांना न सांगता?