मदत हवी आहे: केंटकीतले पूर्वज कसे शोधू?

माझी सून अमेरिकन आहे. नातवासाठी तिच्या माहेरची वंशावळ लावतेय. मिसूरीच्या १८५० च्या जनगणनेत तिचे एक पूर्वज सापडले, जन्म केंटकी. घरचे सांगतात मूळ व्हर्जिनियाचे, म्हणजे कंबरलँड खिंडीतून (डोंगररांगेतून केंटकीकडे जाणारी जुनी वाट) पश्चिमेला आले असावेत. पण त्यांचे वडील कोण? १८५० आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, आणि केंटकीच्या १७९० व १८०० च्या याद्या तर नष्टच झाल्यात. उरल्या करवसुलीच्या याद्या. त्यात एकाच काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) त्याच नावाचे दोन-तीन जण निघतात! जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं यांवरून बाप-लेकाचं नातं कुणी जुळवलंय का? आधी केंटकीची दप्तरं बघू की व्हर्जिनियाची? नातवाला हे सगळं नीट लिहून द्यायचंय, कृपया सांगा.